साडेअकराचं पाणी

तळं कचेरीतले साहेब मारत होते. विष ओतून नाही, वेळापत्रक लावून. साडेअकराला होडी काढायची, पाण्यातला प्राणवायू मोजायचा, आकडा लिहायचा, जेवायला जायचं. पाणी तपासणाऱ्या बाईंनी अकरा वर्षं हेच केलं. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारचा आकडा कायम गुटगुटीत. रात्रभर तेच शेवाळ तो परत ओढून घेतं. हे बाईंना पाठ होतं, पण पहाटे मोजायला कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही मोजलं नाही.

त्याच आकड्याच्या भरवशावर त्या थोरल्या भावाला म्हणाल्या होत्या, "दादा, सोड बिनघोर. पाणी ठणठणीत आहे." दादाने तळ्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत दुप्पट मासे सोडले.

आज उजाडता उजाडता त्याचा फोन आला. "मासे वर येऊन आ वासतायत गं. तुझं ठणठणीत पाणी बघायला ये जरा."

बाई मीटर घेऊन धावल्या. पिंजऱ्याशेजारी मीटरची वायर पाण्यात सोडली. एक पूर्णांक आठ. चारच्या खाली मासा गुदमरतो. त्यांनी वायर पुसली, पुन्हा सोडली. एक पूर्णांक सात.

"मीटर बिघडलाय?"

"नाही."

"मग इतकी वर्षं काय मोजत होतीस? ऊन?"

वहिनी वल्ह्याने पाणी झोडपत होती, तेवढीच हवा मिसळावी म्हणून. "भांडा नंतर," ती म्हणाली. "बहीणभाऊ पळून जात नाहीत. मासे जातील."

बाईंनी वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं. ऊन नाही म्हणजे दिवसाही प्राणवायू नाही.

कचेरीचं दार उघडायच्या आधीच त्या बाहेर हजर होत्या. साहेबांनी त्यांचा पहाटेच्या आकड्यांचा कागद वरखाली केला.

"पहाटेचा आकडा? तक्त्यात असा रकानाच नाही. साडेअकराचा येऊ द्या, मग बघू."

"आज फार तर तीन येईल. उद्या पहाटे शून्याला टेकेल."

"बाई, अकरा वर्षं तुमच्याच सहीचे चांगले आकडे आहेत. ते खोटे म्हणायचे?"

घाव बरोबर बसला होता. खिशात फोन थरथरत होता. दादाचा. त्यांनी उचलला नाही. सांगणार काय?

"खोटे नाहीत, अर्धे आहेत. सही माझी, चूक माझी. तसं लिहून देते. पण पाण्यात हवा घालायचे चार पंखे गोदामात ताडपत्रीखाली पडलेत आणि चावी तुमच्या खणात आहे."

"रीतसर अर्ज—"

"मासा रीतसर मरत नाही, साहेब." बाई खुर्चीत बसल्या नाहीत. "मला तोंडाने सांगा. संध्याकाळच्या आत पंखे पाण्यात जाणार की नाही?"