बिनधन्याच्या सहा कुंड्या

विदरकोट हॉल या जुन्या इंग्लिश वाड्याच्या बागेत एक गुलाब अडीचशे वर्षं होता, आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. निदान पाहुण्यांना मी तसं सांगायचो. मी तिथला बिनपगारी राखणदार. दर गुरुवारी छातीवर बिल्ला लावून पर्सवाल्या म्हाताऱ्यांवर नजर ठेवायची. आमच्याकडे सभ्य माणूस चमचा चोरत नाही. पण दुसऱ्याच्या झाडाची फांदी मोडून खिशात टाकणं, याला तो चोरी समजत नाही.

सहा वर्षांपूर्वी एक फांदी मीही मोडली. ओल्या रुमालात गुंडाळून घरी नेली. घराच्या मागच्या भिंतीवरून ती आता छपराला लागली आहे.

मार्चमध्ये बागेतला गुलाब मुळाला बुरशी लागून मेला. आमची मुख्य माळीण हेटी चहाच्या वेळी आम्हा सहा राखणदारांपुढे उभी राहिली. डोळे सुजलेले.

"कुणी कधी फांदी नेली असेल तर त्याचं एक रोप आणून द्या. मी एका शब्दानंही विचारणार नाही."

आम्ही सहाही जणांनी केकची तारीफ केली.

"असल्यांची नावं फाटकावर लावली पाहिजेत," आमच्यातली मार्जोरी म्हणाली.

मी मान डोलावली. जरा जास्तच.

उन्हाळाभर मी एक कलम जगवलं. सप्टेंबरात, फाटक उघडायच्या तासभर आधी, कुंडी कोटाखाली धरून माळ्यांच्या खोपटामागे गेलो. तिथे पाच कुंड्या आधीच मांडलेल्या. तोच गुलाब. सहावी मी ठेवली आणि वळलो, तर समोर हेटी.

तिनं कुंड्या पाहिल्या. मटकन गवतात बसली. हसत होती की रडत होती, कळेना.

"विचारणार नाही म्हणाले होते, पण राहवत नाही. मिस्टर पिलबीम, यातली तुमची कुठली?"

याहून सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. नुसतं बोट दाखवायचं होतं.

"माझी? छे! मी आत्ताच येतोय."

हेटीनं कुंड्या मोजल्या. मग माझ्या कोटावर सांडलेल्या मातीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"असं होय," ती हळूच म्हणाली. "मग मार्जोरीनं दोन आणल्या असतील."

"असेल," मी म्हणालो. "तिचा काही भरवसा नाही."