म्हातारीचं खापर माझ्या माथी

मी एक जुना पितळी रेग्युलेटर आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड आवाजात सुरुवात करतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी चिडलो आहे आणि का चिडलो आहे, ते ऐकल्याशिवाय तुम्हाला इथून हलू देणार नाही.

सध्या मी दातांच्या एका दवाखान्यात, बाहेरच्या खोलीतल्या फिशटँकशेजारी फळीवर पडून असतो. दाढ दुखणारी मुलं गालावर हात धरून समोर बसतात आणि माझ्याकडे खाऊ का गिळू अशा नजरेनं बघतात. कारण डॉक्टरांच्या मेहुण्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, "म्हातारीला यानं मारलं."

माझी पहिली नोकरी सोड्याच्या दुकानात होती. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये इतका दाब असतो की गॅस सरळ बाहेर आला तर नळी फाटेल. तो दाब आवरून धरणं हे माझं काम. पुढे एक चावी, वर काट्याची तबकडी, एवढाच माझा संसार. चावी फिरली की मी गॅस जोरात सोडायचो, पाणी फसफसायचं आणि गिऱ्हाईक ढेकर देत खुशीत घरी जायचं. दुकानदार मला रोज फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "पठ्ठ्या कधी दगा देत नाही." पुढे दुकान बंद पडलं आणि मी खोक्यात गेलो. तिथून मला या मेहुण्यानं उचललं.

आता म्हातारीची ओळख करून देतो. दवाखान्यात नंबर लावणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. त्यांच्या लेकीनं सासरी जाताना एक एंजल मासा मागे ठेवला होता. चंदेरी अंग, काळे पट्टे, एक पर फाटलेला. मावशींनी ती मासोळी दवाखान्याच्या टँकमध्ये आणून सोडली. तिथे इतर मासे बोटाच्या पेराएवढे, त्यामुळे हिचं नाव म्हातारी पडलं. कुणी काचेजवळ आलं की ती पुढे येऊन तोंड उघडायची. रडणाऱ्या मुलांना मावशी म्हणायच्या, "बघ, म्हातारीनं आ केला. आता आत जाऊन तूही असाच आ कर." मुलं हसायची आणि आत जायची. लेकीचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न म्हातारीचाच असे.

मेहुण्याला टँकमधल्या रोपांचं जंगल फुलवायचं होतं. पाण्यातल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड दिला की ती तरारून वाढतात, हे खरं आहे. सामान निवडायला तो बाजारात गेला, मलाही पिशवीत घालून घेऊन गेला. त्यानं चकचकीत सिलिंडर घेतला. धुक्यासारखे बुडबुडे सोडणारी काचेची चकती घेतली. पाण्यात लटकवायची काचेची कुपी घेतली. तिच्यातलं पाणी निळं असेल तर गॅस कमी, हिरवं असेल तर बेताचा आणि पिवळं झालं तर जास्त. तिथल्या दुकानदारानं मला हातात घेऊन बघितलं.

"साहेब, हा सोड्याचा आहे. याची चावी जराशी फिरली तरी गॅस भसाभस येतो. याच्यापुढे बारीक झडप लावा, थेंबाथेंबानं सोडता येईल. आणि कुपीचा रंग बदलायला तास-दोन तास लागतात, घाई करू नका."

"ती झडप कुठे बसणार?"

"खाली, कपाटात."

"मग दिसणार कुणाला? राहू दे."

ऐकलंत? पाण्यात श्वास घेणाऱ्यांचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही. जे बाहेरून दिसतं, तेवढं त्यानं निवडलं. तिथेच माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

दवाखान्याला नवा रंग दिला होता आणि संध्याकाळी पाहुणे बघायला येणार होते. त्यांच्यासमोर पानापानांतून बुडबुडे निघायला हवेत, असा मेहुण्याचा हट्ट. सकाळी त्यानं मला सिलिंडरवर बसवून माझी चावी फिरवली. कुपी निळीच. त्यानं आणखी फिरवली. कुपी तरीही निळी.

"अहो, जरा थांबा ना," मावशी म्हणाल्या. "रंग उशिरा बदलतो असं दुकानदार म्हणाला, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"मावशी, तुम्ही नंबर लावा," असं म्हणून त्यानं मला आणखी एक पीळ दिला.

डॉक्टर हातमोजे घातलेलेच बाहेर डोकावले. "काय चाललंय?"

"काही नाही भावोजी. संध्याकाळी बघा, जंगल दिसेल जंगल!"

डॉक्टर मान हलवून आत गेले. दुपारी सगळे कुलूप लावून जेवायला गेले. मी मात्र गॅस सोडत राहिलो. चावी सांगेल तेच मला करता येतं. त्या दुपारी मला माझ्या पितळेचाही राग आला.

संध्याकाळी मावशींनी दार उघडलं. कुपी पिवळीजर्द झाली होती. छोटे मासे वरती गर्दी करून तोंडं उघडत होते आणि म्हातारी एका कोपऱ्यात आडवी तरंगत होती. ती आ करत होती. कुणाला हसवायला नव्हे. मावशींनी पिशवी टाकली, सिलिंडर बंद केला, तांब्या भरभरून उंचावरून पाणी ओतायला लागल्या, म्हणजे त्यात हवा मिसळेल. कोपरापर्यंत भिजल्या. "कर गं बाई, आ कर," असं म्हणत राहिल्या. छोटे मासे सावरले. म्हातारीचं तोंड हळूहळू उघडायचं थांबलं.

तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन मेहुणा आला. त्यानं टँककडे बघितलं, मग माझ्याकडे. "तरी मला वाटलंच होतं. जुनं भंगार, दगा दिलाच यानं!" मागून आलेले डॉक्टर पाहुण्यांसाठी खुर्च्या ओढायला लागले. पाहुणे म्हणाले, "वा, काय हिरवंगार आहे!" मावशी ओल्या हातानं लेकीला फोन लावायला बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी नवा रेग्युलेटर आणि ती बारीक झडप कपाटात आली. आता बरी दिसली त्याला! आणि मला गुन्हेगार म्हणून फळीवर मांडलं.

मित्रांनो, कुणाच्या श्वासाशी गाठ असलेली वस्तू निवडाल, तेव्हा आधी त्या श्वासाचा विचार करा, मग शोभेचा. आणि चूक झालीच, तर मुकी वस्तू शोधत फिरू नका.

परवा गाल सुजलेली एक मुलगी आली. मेहुण्यानं तिलाही माझी कथा सांगितली. तिनं मला उचललं, उलटंपालटं केलं, खालूनही बघितलं.

"काका, पण याला हात कुठे आहेत? चावी कुणी फिरवली?"

मेहुणा घड्याळाकडे बघत म्हणाला, "चल चल, तुझा नंबर आला."

मावशींनी टेबलावरून मान वर केली. "नाही आला. अजून दोघं आहेत तिच्या आधी. तोवर तिला उत्तर द्या."

खोलीतली सगळी मुलं त्याच्याकडे बघायला लागली. मीही बघत होतो.