एकोणीस दिवस आधी

"काकू, या खात्यात काही नाही हो. नुसती किमान शिल्लक आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"असं कसं? नीट बघ ना गं. अडीअडचणीचे पैसे याच खात्यात असतात आमचे."

"काकांनी गेल्याच महिन्यात काढून नेले. समोरच्या बँकेत बचत खात्याला पाव टक्का जास्त देतात म्हणे. मलाच सांगत होते, तूही तिकडे खातं उघड!"

ती हसली. मला हसू कुठलं यायला? अडीच वाजले होते. चारच्या आत हॉस्पिटलात पैसे भरले, तरच उद्या सकाळी यांच्या हृदयाचं ऑपरेशन. आणि समोरच्या बँकेतलं खातं यांच्या एकट्याच्या नावावर! कपाळ माझं.

आमचे हे मीटर रीडर. तीस वर्षं दारोदार हिंडून विजेचे आकडे टिपले, ते पाय निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेनात. मग यांनी बँका धरल्या. कुठे साध्या खात्याला पावणेतीन, कुठे तीन, कुठे ज्येष्ठांना ठेवीवर अर्धा जास्त, सगळं तोंडपाठ. माझा वाढदिवस मात्र दरवर्षी मीच सांगायचा. पाव टक्क्यासाठी चपला झिजवायच्या आणि चपलांचे पैसे धरायचे नाहीत, असा यांचा हिशेब. बोलून बोलून माझं तोंड दुखलं.

"दोघांच्या नावावर मुदत ठेव आहे की," मुलगी म्हणाली. "पाच वर्षांची, साडेसात टक्क्यांची. एकाची सही चालते. पण काकू, एकोणीसच दिवस राहिलेत. आज मोडलीत तर पाचही वर्षांचं व्याज एक टक्का कमी मिळेल."

ही ठेव म्हणजे यांचा जीव की प्राण. एवढा दर आता शोधून सापडायचा नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

"मोड," मी म्हटलं. घाईत सही चुकली, दोनदा करावी लागली.

पावणेचारला पैसे भरले आणि धापा टाकत यांच्या कॉटपाशी गेले. यांच्या मनाला त्रास होईल असं काही बोलू नका, डॉक्टरांनी बजावलं होतं.

"कुठले काढलेस?" यांनी आधी तेच विचारलं. आवाज पार खोल गेला होता.

"साध्या खात्यातले."

बोलून गेले आणि जीभ चावली. ते खातं तर यांनीच रिकामं केलेलं! आता हे उसळणार, या धास्तीने मी पाण्याची बाटली उगीच इकडची तिकडे केली.

हे छताकडे बघत राहिले. चादरीवर बोटं हलत होती. पाच वर्षं, एक टक्का, मनातल्या मनात आकडेमोड चालली असणार. मग बोटं थांबली.

"बरं केलंस," ते म्हणाले. "तिथं व्याज कमीच होतं."

आणि जरा सरकून त्यांनी मला बसायला जागा केली.