'हॅना डार्बी'वरचा कप

अल्पीना गावच्या माणसाने काचेच्या तळाच्या बोटीत बसायचं नसतं. ती बोट पाहुण्यांसाठी. आम्हाला बुडालेली जहाजं बघायला तिकीट कशाला लागतंय? घराघरांत त्यांचे तुकडे पडलेत. कुणाच्या जिन्याला तिथलं लाकूड, कुणाच्या बैठकीत पितळी कडीची गोल खिडकी. अर्थात हे सगळं कायदा यायच्या आधीचं. आता ह्युरॉन सरोवराचा हा भाग अभयारण्य आहे, बुडालेल्या जहाजांचं अभयारण्य, आणि तळातला खिळा उचललात तरी दंड बसतो.

आमच्या घरी कप होता. जाड, पांढरा, कानाजवळ टवका उडालेला. माझा नवरा लेन तरुणपणी नॉर्बर्ट स्किबाबरोबर बुड्या मारायचा, तेव्हा त्याने तो 'हॅना डार्बी' या बुडालेल्या जहाजावरून वर आणला आणि जन्मभर सकाळची कॉफी त्यातच प्यायला.

"बुडून मेलेल्या माणसाचा कप तोंडाला लावतोस, काही वाटतं का?" मी म्हणायचे.

"त्याची तक्रार नाही, मग तुझी का?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

एप्रिलमध्ये हॉस्पिटलात, नाकात नळी असताना तो म्हणाला, "बर्नी, कप परत ठेव. त्याच्या जागी."

मी खेकसले, "बरा हो आणि तुझा तू ठेव. मी काय मासा आहे?"

तो हसला. दोन दिवसांनी गेला.

मी रडले नाही. दफनाला नाही, नंतरही नाही. शेजारणी झाकलेली भांडी घेऊन आल्या, म्हणाल्या, बर्नाडीन किती खंबीर! खंबीर कसली डोंबलाची. दाढ काढायच्या आधी गाल बधिर करतात ना, तशी मी सगळीच्या सगळी बधिर झाले होते. जेवत होते, गवत कापत होते, टीव्हीसमोर बसत होते. कप मात्र मोरीजवळ तसाच होता. ॲम्ब्युलन्स आली त्या सकाळची कॉफी त्याच्या तळाशी वाळून तपकिरी गोल झाला होता. मोरीत एक खरकटा चमचा राहिला तरी मला झोप लागत नाही, पण तो कप काही मी धुतला नाही. का, ते विचारू नका. हात जायचा आणि माघारी यायचा.

ऑगस्टमध्ये मी नॉर्बर्टला गाठलं. बुड्या मारणं कधीच सुटलं त्याचं. आता त्याच काचेच्या बोटीवर माइक धरून पाहुण्यांना माहिती सांगतो. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं, तिथे त्याच्यासमोर जाऊन बसले आणि लेनचं शेवटचं मागणं सांगितलं.

"अजिबात नाही," नॉर्बर्ट म्हणाला. "वर काही आणायचं नाही, खाली काही टाकायचं नाही. रोज मीच ओरडून सांगतो."

"आणि तुझ्या बैठकीतला तो पितळी दिवा? तो काय आकाशातून पडला?"

"हळू बोल ना, बाई! तेव्हा कायदा नव्हता." त्याने माशावर लिंबू पिळलं. "म्युझियमला दे कप. कुणी काही विचारणार नाही."

"ते त्याला नंबर लावून कपाटात ठेवतील."

"मग बरंच की!"

"काही बरं नाही. त्याने मला त्याच्या जागी ठेव म्हणून सांगितलंय. आयुष्यात एक गोष्ट मागितली रे त्याने माझ्याकडे. एक!"

नॉर्बर्ट खाली बघून खात राहिला. मी उठले.

मंगळवारी मी तिकीट काढलं. कप लेनच्या लोकरी मोज्यात घालून पिशवीत ठेवला. मला बोटीवर चढताना बघून नॉर्बर्टचं माइकमधलं बोलणं मध्येच अडखळलं. 'हॅना डार्बी'पाशी बोट थांबली. तिथे पाणी जेमतेम तीन पुरुष खोल. सगळे खाली काचेपाशी धावले, मी मागच्या कठड्याशी एकटी राहिले. मोजा काढला, आतला तो तपकिरी गोल एकदा बघितला आणि कप सोडला.

डुबुक. संपलं.

मला वाटलं होतं, आता तरी काहीतरी वाटेल. कुठचं काय! डोक्यात एवढंच, की बरं झालं, कुणी बघितलं नाही. काचेच्या तळाच्या बोटीत! इतकी वर्षं त्या बोटीला नाकं मुरडली की अशी अक्कल शेण खायला जाते.

खालून आरडाओरडा झाला. "अरे, ते बघा! काहीतरी पडतंय!"

नॉर्बर्टचा माइक खरखरला. "मंडळी, डाव्या हाताला... खलाशाचा कप. जहाज बुडालं तेव्हापासून तिथेच आहे. कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग पडत काय होतं?" कुणीतरी विचारलं.

"भास. पाण्यात होतो असा."

"सगळीकडे शिंपले चिकटलेत, कपावर एकही नाही?"

"जुनी वस्तू हो, भारी बनावट," नॉर्बर्ट म्हणाला. मग माइक तोंडाजवळ घेऊन, "वर कुणी राहिलं असेल तर त्यांनी खाली यावं. हे बघायलाच हवं."

मी खाली गेले. लोकांनी सरकून जागा दिली. काचेखाली हिरवट उजेडात जहाजाच्या फळ्या, आणि फळीवर कप. सरळ बसलेला, कुणी टेबलावर ठेवावा तसा. त्याच्या जागी.

शेजारी पिवळ्या टोपीतली एक बाई होती. ती म्हणाली, "किती स्वच्छ आहे ना? जणू आत्ताच कुणी धुवून ठेवलाय."

मी गुडघ्यांवर बसले, काचेला नाक लावलं आणि कपात तो तपकिरी गोल शोधू लागले. दिसेना. पुन्हा पुन्हा बघितलं, दिसेना. चार महिने जपला होता मी. पाण्याने एका दमात धुवून टाकला.

"मी नाही धुतला," मी म्हणाले. "मी धुतला नव्हता हो!"

"अहो, काय झालं?" ती बाई घाबरली. नॉर्बर्टने माइक ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेचना, भर दुपारी, बोटभर अनोळखी माणसांसमोर. लेन असता तर म्हणाला असता, बर्नी, नाक पूस आधी, काच धुरकटतेय, लोकांना कप दिसत नाही.

मी बाहीने काच पुसली.