रंगाऱ्याचा शर्ट

रंगाऱ्याने सकाळी लेकीच्या दप्तरातली इंग्रजीची वही उघडली आणि त्याचं टाळकंच सटकलं. बालवर्ग सुरू होऊन चार महिने झाले होते आणि वही कोरी करकरीत. नाही म्हणायला एका पानावर तेलाचा डाग होता.

"अगं, शिकवतात तरी काय तुम्हाला?"

"खेळतो आम्ही," भिंगरी बूट चढवत म्हणाली. चार वर्षांची ही पोर दिवसभर गिरक्या घेत असायची, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत.

"इंग्रजीच्या तासाला?"

"हो. हत्तीशी."

झालं! एका इमारतीचा जिना रंगवायचा होता, मुकादम वाट बघत होता. पण रंगारी कामाच्या शर्टातच, लेकीचा हात धरून तरातरा शाळेत गेला. राग नाकावर होता खरा, पण त्याच्याखाली जुनी भीती दबा धरून बसली होती. इंग्रजीपायीच सातवीत त्याची शाळा सुटली होती. सर उभं करायचे, वाक्य म्हणायला लावायचे, अडखळला की "पुन्हा!" आणि दर 'पुन्हा'ला हातावर छडी. लेकीवर ती पाळी येऊ नये, तिची वही आतापासूनच मोत्यासारख्या अक्षरांनी भरावी, एवढंच त्याचं मागणं.

दारातच वर्गाला शिकवणारी ताई भेटली. कालपरवा कॉलेजातून बाहेर पडली असावी इतकी लहान. त्याने वही पुढे केली.

"बाई, हे काय आहे?"

ताईने वही पाहिली, त्याच्याकडे पाहिलं. "दादा, अर्धा तास आत बसा. मग काय बोलायचं ते बोला. मी सगळं ऐकून घेईन."

मोठी खुर्ची नव्हतीच. तो पोरांच्या खुर्चीवर टेकला, तर गुडघे हनुवटीला लागले. समोर सतरंजीवर चौदा पोरं गोल करून बसली होती. ताईने हातात एक करडा मोजा चढवला. त्याला बटणांचे डोळे आणि कापडाची सोंड होती.

"याला आपलं बोलणं कळत नाही," भिंगरी बापाच्या कानात कुजबुजली. "बिचाऱ्याला फक्त इंग्लिश येतं. मग काय करणार? आपल्यालाच बोलावं लागतं."

हत्ती एकेकाशी बोलत गोल फिरला आणि रंगाऱ्यासमोर थांबला. "हॅलो! व्हॉट इज युअर नेम?"

रंगारी अडखळला. "माय... माय..."

"अगेन!" एक पोरगा ओरडला.

रंगाऱ्याची मूठ आपोआप मिटली. पण "अगेन! अगेन!" करत चौदाही पोरं टाळ्या पिटू लागली आणि हत्ती सोंड उडवत नाचायला लागला.

"बाबा, अडकलं की हत्ती नाचतो," भिंगरी म्हणाली. "मी तर मुद्दाम अडकते."

मूठ हळूहळू सुटली. तिसऱ्या खेपेला नाव बाहेर पडलं. हत्तीने सोंडेने शेकहँड केला.

मग ताई म्हणाली, "टच समथिंग ब्लू!" पोरं पळाली. कुणी पडदा धरला, कुणी बादली. एवढ्यात एका चिमुरडीचं लक्ष रंगाऱ्याच्या शर्टाकडे गेलं. दहा वर्षांच्या कामाचे शिंतोडे होते त्याच्यावर. नाही असा रंग नव्हता. तिने बाहीवर बोट ठेवलं, आणि ताईने "ग्रीन!" म्हणताच सगळी पलटण त्याच्यावर तुटून पडली. "येलो!" म्हटल्यावर खुर्ची कलंडली. रंगारी सतरंजीवर आडवा, पोरं पाठीवर, पोटावर. तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं.

"ब्लू!" एकाने खिसा पकडला.

"नो, नो!" रंगारी ओरडला. "धिस नॉट ब्लू. टर्क्वाइज!"

हत्तीने मान तिरकी केली. "टर्...?"

"टर्क्वाइज. हा आयव्हरी. हा लेमन येलो. कॉलरवरचा मरून."

ताईने विचारलं, "दादा, एवढं इंग्रजी कुठे शिकलात?"

"हे कुठलं इंग्रजी? हे तर रंगाच्या डब्यावर..." बोलता बोलता तो थांबला. आपल्याच शर्टाकडे बघत राहिला.

निघताना ताई दारापर्यंत आली. "बोटांत बळ आलं की लिहितील हो. आधी जीभ तर सैल होऊ द्या. बोला, काय म्हणत होता?"

रंगाऱ्याला काही आठवेना.

"शनिवारी याल का? पोरांना रंग कालवून दाखवायला?"

"शनिवारी काम असतं, बाई." तो दोन पावलं गेला, मग वळला. "किती वाजता?"

तो त्या शनिवारी गेला, आणि वर्ष संपेपर्यंत बहुतेक शनिवारी जात राहिला. मुकादम आधी कुरकुरला, मग त्याच्याही अंगवळणी पडलं. पोरं रंगाऱ्याला 'अंकल टर्क्वाइज' म्हणायची, त्याच्या मांडीसाठी भांडायची. अशा वेळी भिंगरी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना अर्ध्या इंग्रजीत बजावायची, "माय बाबा! आधी माय!"