सात नंबरची गोडी

ताकदीची पावडर बनवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे 'जीभ' म्हणत. काम एकच. सकाळी नऊला टेबलाशी बसायचं, वाटीतला घोट तोंडात घोळवायचा, स्टीलच्या भांड्यात थुंकायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि कागदावर मार्क द्यायचे. दुपारपर्यंत भांड्यात गुलाबी, तार सुटलेली थुंकी साचे. चपला फरशीला चिकटत, केसांभोवती माश्या घोंघावत. अकरा वर्षांत तिने त्यातला एक थेंब गिळला नव्हता. गिळवतच नसे.

चाखणाऱ्याला आत काय आहे ते सांगायचं नाही, असा तिथला नियम होता. कळलं की जीभ आधीच मत बनवून बसते म्हणे. म्हणून पिंपांना नुसते नंबर. सात नंबर ती डोळे मिटून ओळखायची: गोडी बेताची, पण मागून घशाशी गोंदासारखी रेंगाळणारी. नियम पाळायची तिला इतकी हौस, की डब्यामागची बारीक अक्षरंही तिने कधी वाचली नाहीत.

सासरे शिंपी. अजूनही पायमशीन चालवायचे. मधुमेह निघाल्यावर घरातली साखर बंद झाली आणि म्हातारबुवा तोंड पाडून बसू लागले. तिला वाईट वाटलं. कारखान्यातून तिने ताकदीच्या पावडरीचा डबा आणला. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'साखर घातलेली नाही'.

"बाबा, खुशाल प्या," ती म्हणाली. "मी स्वतः चाखलंय."

ते दिवसाला तीन पेले रिचवू लागले. पुढे चप्पल चावून अंगठ्याला जखम झाली, ती भरेचना. पट्टी सोडली की असा वास सुटे, की सुनेला ओकारी यायची. अंगठा काळा पडला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खाण्यात काय काय असतं?"

"पथ्य कडक आहे," असं म्हणत तिने मोठ्या तोऱ्यात पिशवीतून डबा काढला. बाईंनी तो उलटा करून चष्म्यातून वाचला.

"मक्याच्या स्टार्चची पावडर. निम्म्याहून जास्त हीच आहे. साखर नाही हे खरं, पण पोटात गेल्यावर हिची साखरच होते, तीही झटपट. हे कोण देतं यांना?"

"मी."

दुसऱ्या दिवशी तिने गोदामवाल्याला गाठलं. "साताच्या पिंपात काय असतं रे?"

"मक्याची पावडर, कालवलेली. इतकी वर्षं चाखतेस आणि ठाऊक नाही?" तो हसला. "मागच्या साली डब्यात ती दुप्पट केली, तेव्हा तूच लिहिलंस ना, 'घशाशी रेंगाळते, पण चालेल'?"

लिहिलं होतं खरं. तिला स्वतःच्याच तोंडाची किळस आली. ज्या चिकट घाणीचा थेंब आपण गिळत नाही, ती आपणच घरच्या माणसाला वर्षभर पेल्यापेल्याने पाजली होती.

अंगठ्यावर भागलं नाही. अर्धं पाऊल गेलं. मशीन सुटलं. आठवड्याने, सासरे खाटेवर उठून बसल्यावर, तिने सगळं सांगून टाकलं. एक अक्षर लपवलं नाही.

सासऱ्यांनी पायावरच्या पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं.

"ते पिऊन तोंडाला कोरड पडायची," ते म्हणाले. "रात्रीतून चारदा उठायचो."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू चाखलं होतंस ना. तुझ्यापुढे मी शिंपी काय बोलणार?" मग त्यांचा चेहरा उतरला. "अगं, काजं-बटणं करणाऱ्या मावशींनाही मधुमेह आहे. मीच त्यांना त्यातले दोन डबे दिले. म्हटलं, खुशाल प्या, आमच्या सूनबाईने चाखलंय."

"कधी दिलेत?"

"उदार होऊन वाटत सुटलो होतो बघ. झाले तीन महिने. परवा भेटायला आल्या होत्या," सासरे म्हणाले, "तेव्हा जरा लंगडत होत्या."