निडीच्या बाळाचा फोटो

मित्रांनो, मी एक जुने एमआरआय मशीन आहे. उमेदीची वर्षे मुंबईत काढली. तिथे नवे मशीन आले, तेव्हा मला पेणच्या एका तपासणी केंद्रात धाडले. आले त्या दिवशी माझ्यापुढे नारळ फुटला, पेढे वाटले गेले. आता लोक मला ‘ठोकाठोकीचं मशीन’ म्हणून नाक मुरडतात. आवाज करते खरे, पण माझ्यातल्या चुंबकाच्या जोरावर मी माणसाच्या आतले पाहते. आईच्या पोटातले बाळसुद्धा. सोनोग्राफीत शंका आली, की डॉक्टर अशा आईला माझ्याकडे पाठवतात.

तशीच रोह्याजवळच्या निडी गावची मृणाली आली, सातव्या महिन्यात. सोबत सासू शांतीबाई होत्या. माझ्याजवळ येण्याआधी अंगावरचे सारे लोखंड काढावे लागते, नाहीतर मी ते खेचून घेते. मृणालीच्या कमरेला काळ्या दोऱ्यात एक खिळा होता. पोटुशीला नजर लागू नये म्हणून सासूनेच तो बांधला होता.

“आजी, एवढा खिळा सोडा,” मला चालवणारा सुशील म्हणाला. “तपासणी झाली की परत बांधा.”

“बाळ बाहेर येईस्तोवर तो सुटायचा नाय,” शांतीबाई म्हणाल्या. “चल गो मृणाली, घरी.”

सुशीलने खूप समजावले. मृणाली दाराशी जरा घुटमळली आणि सासूमागून गेली. मला फार वाईट वाटले. पाय असते, तर मीच निडीला गेले असते.

नववा लागल्यावर तिचा नवरा धनेश डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट बुडवून तिला घेऊन आला. खिळा तिने स्वतः सोडला. “काय असंल ते कळू दे,” ती म्हणाली.

मी बाळ पाहिले. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भोक होते. आतडी वर सरकली होती, फुप्फुसांना वाढायला जागाच उरली नव्हती.

“बाळंतपण मुंबईलाच करा, जन्मताच उपचार लागतील,” डॉक्टर म्हणाले. “आधी कळलं असतं, तर तयारीला वेळ मिळाला असता.”

मुंबईला निघायची पिशवी भरतानाच मृणालीला कळा लागल्या. रोह्याच्या दवाखान्यात बाळ जन्मले. त्याला श्वास पुरला नाही.

काही दिवसांनी शांतीबाई एकट्याच आल्या. बाळंतपणाच्या वेळी त्या घरीच थांबल्या होत्या, बाळ त्यांनी पाहिलेच नव्हते.

“मना त्याचा तोंड दाखव रे,” त्या सुशीलला म्हणाल्या.

सुशीलने संगणकाच्या पडद्यावर बाळाचा बाजूने दिसणारा चेहरा लावला. शांतीबाईंनी त्याच्या कपाळावरून, हनुवटीवरून बोट फिरवले.

“नाक आमच्या धनेशचा हाय,” म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येणार असेल आणि डॉक्टरांनी तपासणी सांगितली, तर त्या आईला वेळेवर घेऊन या. बाळाला नजर लागू नये, असे मलाही वाटते. पण मी फक्त पाहू शकते, गेलेले दिवस परत आणू शकत नाही. निडीच्या त्या बाळाचा तेवढा एकच फोटो आहे. त्यात ते जिवंत आहे.